माथेरानची घोडेस्वारी : घोड्याच्या बाजूने दिलेला अभिप्राय

माथेरानच्या घोडेस्वारीविषयी पर्यटकांचे जे अभिप्राय वाचायला मिळतात, त्यांपैकी बहुतेक दोनच गोष्टींपाशी थांबतात : दर किती सांगितला आणि धूळ किती खावी लागली. दोन्ही तक्रारींत तथ्य आहे. परंतु ज्या जनावराच्या पाठीवर बसून ही सेवा घ्यायची, त्याच्याविषयी त्यांत क्वचितच एखादी ओळ सापडते. त्याची पाठ निरोगी होती का, नाल नीट होते का, त्याच्या अंगावरचे सामान मजबूत होते का, याची नोंद कोणी करत नाही. म्हणून हा अभिप्राय मी घोड्यापासून सुरू करते. माझे मत आधीच सांगून टाकते : माथेरानची घोडेस्वारी अवश्य घेण्याजोगी आहे, तेथील बहुसंख्य अश्वपाल आपले काम उत्तम जाणतात, आणि तरीही आपल्या वाट्याला येणारी रपेट चांगली होणार की वाईट, हे मोटारी जेथे थांबतात त्या दस्तुरी नाक्यावर घोडा निवडताना पहिल्या काही मिनिटांतच ठरते.

हे मत कशाच्या आधारावर देते आहे ते वाचकांना कळावे, म्हणून थोडेसे स्वतःविषयी सांगणे आवश्यक वाटते. कर्जतला आमच्या आजोबांचा टांगा होता, त्यामुळे मला चालता येऊ लागल्यापासून घोडा घरातल्या माणसांइतकाच ओळखीचा होता. रात्री हरभरा भिजत घालणे, सकाळी चंदीचा, म्हणजे घोड्याच्या दाण्याचा, तोबरा बांधणे, खरारा करताना, म्हणजे अंग घासून साफ करताना, आयाळीखाली बोटे घालून गोचीड लागली आहे का ते पाहणे, ही कामे मी पाढे पाठ होण्याआधी शिकले. घोड्याच्या मागून जाताना आधी हाक मारायची, हा आजोबांचा पहिला नियम होता. त्याचे कारण पुढे समजले : डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे घोड्याला जवळजवळ चहूकडचे दिसते, मात्र अगदी नाकासमोरचा थोडा भाग आणि शेपटीमागचा पट्टा त्याला दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या जागी अचानक हालचाल झाली की तो घाबरून दुगाण्या झाडतो. महाविद्यालयात असताना पुण्याजवळ मी रीतसर घोडेस्वारी शिकले. मांड, म्हणजे खोगिरावरची बैठक, पक्की कशी करायची, दुडकीच्या, म्हणजे संथ धावेच्या, तालावर कसे उठायचे, लगाम ओढण्याऐवजी पाठीच्या कण्याने घोडा कसा थांबवायचा, हे तेथे कळले. दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्याला भरणारा घोडेबाजार पाहिला. तेथे व्यापारी रेवाल, म्हणजे स्वाराला हिसके न देणाऱ्या जलद, चालीचे घोडे झोकात फिरवून दाखवतात, पण जाणते गिऱ्हाईक आधी घोडा स्वस्थ उभा असताना त्याचे पाय पाहते. माउलींच्या पालखी सोहळ्यात अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व रिंगणात धावतात, तेही पाहिले. टाळ-मृदुंगाच्या गजरात आणि हजारो माणसांच्या वेढ्यात न बिचकता धावणारा घोडा म्हणजे काय, ते ज्याने पाहिले त्याला शिकवलेल्या घोड्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. आता मी चोविशीत आहे, आणि नेरळहून माथेरानला जाणे हा लहानपणापासूनचा परिपाठ अजून सुटलेला नाही.

माथेरानला घोड्यांचे महत्त्व का आहे, ते थोडक्यात सांगते. ठाण्याचे तेव्हाचे जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये हा डोंगर हवापालटासाठी हेरला आणि १९०७ मध्ये नेरळहून छोट्या रुळांची गाडी वर आली. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीच्या या पठारावर मोटारींना प्रवेश नाही. त्या दस्तुरी नाक्यावर थांबतात. २००३ पासून हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित आहे. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या येथे माणसे घोड्यावरून, हातरिक्षातून किंवा पायी फिरली आणि भाजीपाल्यापासून बांधकामाच्या सामानापर्यंत कितीतरी ओझे घोड्यांनी वाहिले. इतर थंड हवेच्या ठिकाणी तलावाकाठी किंवा पठारावर हौसेची एक फेरी मारून आणणारे घोडे असतात. माथेरानचा घोडा हे गावाचे वाहन आहे. सेवेचा दर्जा ठरवताना हा फरक लक्षात ठेवावा लागतो, कारण रोज तीच चढण चढणारा, त्याच गर्दीतून वाट काढणारा घोडा स्वभावाने सहसा शांत आणि पायाने खात्रीचा असतो.

दस्तुरीवर उतरताच अश्वपाल भोवती जमतात आणि दर सांगू लागतात. त्या क्षणी दराची घासाघीस सुरू न करता घोड्यांच्या ओळीवरून एकदा शांतपणे चालत जावे. येथे नाना तऱ्हेचे घोडे दिसतात : काठेवाडी किंवा मारवाडी रक्ताचे, कानांची टोके आत वळलेले, स्थानिक पैदाशीचे बुटके, रुंद छातीचे तट्टू, आणि अधूनमधून शर्यतीच्या मैदानावरून निवृत्त झालेले उंच, सडपातळ घोडे. या शेवटच्या जातीचे घोडे दिसायला सर्वांत देखणे असतात आणि पर्यटकांची पहिली नजर त्यांच्यावरच जाते. नवख्या माणसाला मात्र मी ते सुचवणार नाही, कारण पळण्यासाठी घडवलेल्या या घोड्यांची कातडी पातळ, स्वभाव तापट आणि लहानशा आवाजाने दचकण्याची सवय असते. रुंद पाठीचा, मध्यम उंचीचा तट्टू डोंगरवाटेवर अधिक खात्रीचा.

निवड करताना मी काय पाहते ते सविस्तर सांगते, कारण यासाठी विशेष ज्ञान लागत नाही. आधी डोळे आणि कान. जवळ गेल्यावर कान आपल्याकडे वळले, डोळा ओलसर आणि स्वच्छ असला, तर जनावर सावध आणि निरोगी आहे. कान मागे चपटे झालेले असतील तर त्याला आपण नको आहोत, आणि मान खाली टाकून, खालचा ओठ लोंबवून, कशाचेच भान नसल्यासारखा उभा असेल तर तो फार दमलेला आहे. मग नाकपुड्या आणि बरगड्या. विश्रांतीत असलेला निरोगी घोडा मिनिटाला साधारण ८ ते १६ वेळा श्वास घेतो. नुकतीच फेरी संपवून आलेल्या घोड्याचा श्वास जलद असणारच, पण थोड्या वेळात तो खाली यायला हवा. मग अश्वपालाला विनंती करून खोगिराची पुढची कड उचलून पाहावी. मानेचा शेवट होऊन पाठ सुरू होते तेथील उंचवट्यावर ओली जखम, सूज किंवा केस गेलेली तुकतुकीत जागा असेल, तर तो घोडा घेऊ नये. पांढरे केस उगवलेले ठिपके हा जुन्या, भरून आलेल्या जखमेचा माग असतो. तो असला म्हणून घोडा नाकारण्याचे कारण नाही. शेवटी खूर. नाल खुराच्या कडेला घट्ट बसलेला असावा आणि खिळ्यांची टोके बाहेरून सपाट वळवलेली असावीत. खूर महिन्याला जवळपास एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून नाल शाबूत असला तरी दीड महिन्याच्या आसपास तो काढून खूर तासावा लागतो. माथेरानच्या जांभ्या दगडावर नाल त्याहून लवकर झिजतात. पाऊल टाकताना नाल खुळखुळत असेल तर तो आवाज स्पष्ट ऐकू येतो.

ही पाहणी करू देण्यास मला माथेरानमध्ये फार थोड्यांनी नकार दिला आहे, आणि या सेवेची जमेची सर्वांत मोठी बाजू मी हीच मानते. उलट, आपण घोड्याचे पाय पाहतो आहोत असे दिसताच अनेकांचा बोलण्याचा सूरच बदलतो. दरावर अडून बसलेला माणूस घोड्याचे वय, तो कोठून आणला, त्याची खोड काय, हे आपणहून सांगू लागतो. एका वयस्कर अश्वपालांनी तंग, म्हणजे खोगीर बांधण्याचा पोटाखालचा पट्टा, कसण्याची जी पद्धत मला दाखवली, तशी नीट मी शिक्षणकेंद्रातही पाहिली नव्हती. खोगीर चढवताना बरेच घोडे पोट फुगवतात, त्यामुळे तेव्हा घट्ट वाटलेला पट्टा चालू लागल्यावर सैल पडतो. त्यांनी पट्टा आधी अर्धाच ओढला, घोड्याला पुढे चालवत नेले, मग थांबवून पुन्हा दोन भोके वर कसला. त्यानंतर खाली वाकून त्याचा एक पुढचा पाय गुडघ्यापाशी धरून अलगद पुढे ताणला, खाली ठेवला, आणि दुसराही तसाच ताणला. पट्ट्याखाली चिमटीत सापडलेली कातडी त्यामुळे सरळ होते आणि कोपराच्या मागे घासून फोड येत नाहीत. मग पट्टा आणि बरगडी यांच्यामध्ये सपाट हात घालून मला म्हणाले, ‘‘ताई, हात जायला पायजे, पण मोकळा फिरायला नाय पायजे.’’ एवढे करूनच त्यांनी मला रिकिबीत, म्हणजे खोगिराला लटकणाऱ्या पायकडीत, पाय ठेवू दिला. कोणत्याही पुस्तकापेक्षा ही दोन मिनिटे मला अधिक उपयोगी पडली आहेत.

सामानाविषयी मी इतकी काटेकोर का आहे, त्यालाही कारण आहे. शिकत असताना एका प्रशिक्षण केंद्रात दुडकीवर असताना माझ्या खोगिराचा तंग ज्या चामडी पट्टीला अडकवतात ती पट्टीच तुटली आणि मी खोगिरासकट खाली आले. पट्टी वरून काळीभोर, तेल लावलेली दिसत होती. आतून ती केव्हाच वाळून चिरली होती. तेव्हापासून मी प्रत्येक खोगिराची पट्टी बोटांनी उलट दुमडून पाहते, कारण वाळलेल्या चामड्यावर दुमडताच बारीक भेगा उमटतात. माथेरानमध्ये खोगिरे बहुतेक जुनी असतात, त्याखाली घडी घातलेले कांबळे किंवा गोणपाट असते आणि पुढे धरायला कडी असते. दिसायला हा थाट साधा, पण पट्ट्या बदललेल्या आणि टाके नव्याने घातलेले मला पुष्कळदा आढळले. रोज याच सामानावर पोट असलेला माणूस ते सांभाळतो. खरी उणीव दुसरीच आहे : एकच खोगीर आलटून पालटून निरनिराळ्या घोड्यांवर चढते. खोगीर पाठीच्या मापाचे नसले की त्याचा सगळा भार दोन ठिकाणी येतो आणि पाठ सोलते. जाड कांबळ्याने त्याची भरपाई होत नाही. उलट घट्ट चपलेत जाड मोजा घातल्यासारखा दाब वाढतो.

आता वजनाचा मुद्दा, जो सगळेच टाळतात. घोडेस्वारीतला सर्वमान्य संकेत असा की, स्वार आणि खोगीर मिळून होणारे वजन घोड्याच्या स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त असू नये. साधारण ३५० किलोच्या तट्टासाठी ही मर्यादा ७० किलो होते, आणि त्यातून खोगिराचे वजन वजा केले की स्वारासाठी साठ किलोंच्या आसपास उरतात. भारतातील ओझेवाहू जनावरांविषयीच्या १९६५ च्या नियमांतही तट्टासाठी कमाल ओझे ७० किलोच ठरवलेले आहे. याचा अर्थ जाडजूड माणसाने घोड्यावर बसूच नये असा नव्हे. त्याने मोठा, भारी हाडाचा घोडा मागावा, आणि तसा घोडा त्या वेळी नसेल तर चालत जावे. अश्वपाल सहसा स्वतःच माणूस पाहून घोडा पुढे करतात. पण गर्दीच्या दिवशी, मोठा घोडा बाहेर गेलेला असताना, समोर असेल त्यावर बसवण्याचा मोह होतो आणि ते मी पाहिले आहे. आपले वजन आपणच खरे सांगावे. त्यात संकोच बाळगण्यासारखे काही नाही.

प्रत्यक्ष रपेटीविषयी सांगायचे तर वाटेनुसार अनुभव पुष्कळ बदलतो. दस्तुरीपासून बाजारपेठेपर्यंतचा रस्ता माणसे, सामान, ई-रिक्षा यांनी भरलेला असतो. तो केवळ पोहोचण्यापुरता. शार्लोट तलाव, लॉर्ड पॉइंट, इको पॉइंट हा फेरा सर्वांना ठाऊक आहे आणि म्हणूनच सुटीच्या दिवशी तेथे घोड्यामागे घोडा लागतो. मला विचाराल तर खरी घोडेस्वारी करायची असेल त्याने उत्तरेकडची पॅनोरमा पॉइंटची लांब वाट धरावी, तीही सकाळी लवकर. जांभळीच्या आणि हिरड्याच्या सावलीतून जाणारी ही तांबड्या मातीची वाट घोड्याच्या सांध्यांना मऊ, आणि वळणे इतकी सौम्य की नवख्याचीही मांड स्थिरावते. या वाटेवर घोडा आपोआप लांब पावले टाकू लागतो, त्याची मान सैलावते, तो फुरफुरतो. दमलेला किंवा त्रासलेला घोडा असे करत नाही. चढणीवर आपण किंचित पुढे झुकावे आणि आयाळ धरावी, लगाम धरून स्वतःला वर ओढू नये. उतारावर पाठ सरळ ठेवून टाचा खाली दाबाव्यात. लांबलचक, दगडाळ उतार आला तर मी खाली उतरून चालते. अश्वपाल पहिल्यांदा ‘बसून राहा, काय होत नाय’ असे म्हणतात, पण उतरल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसते, कारण उतारावर सगळा भार पुढच्या पायांवर येतो आणि घोडा लंगडण्याची सुरुवात बहुधा तेथेच होते.

उणिवा स्पष्टपणे मांडायला हव्यात. पहिली, शिरस्त्राणाची. काही अश्वपालांकडे ते असते, अनेकांकडे नसते, आणि असते तेही सर्वांच्या डोक्याला बसत नाही. ज्या ठिकाणी सेवेचा मुख्य ग्राहक कधीच घोड्यावर न बसलेला माणूस आहे, तेथे हे अक्षम्य आहे. घरातील मुलांसाठी मापाचे शिरस्त्राण आपणच न्यावे. हनुवटीखालचा पट्टा बांधल्याशिवाय त्याचा उपयोग नाही. दुसरी उणीव पळवण्याच्या आग्रहाची. ‘पळवू का?’ असे विचारून उत्तर मिळण्याआधीच मागून छडी दाखवणारी तरुण पोरे येथे आहेत. रिकिबीत तोल सांभाळता न येणारा माणूस दुडकीवर आला की तो लगामाला लोंबकळतो आणि त्याचे सगळे वजन घोड्याच्या तोंडातल्या लोखंडावर येते. निघण्याआधीच ‘आम्हाला चालीनेच जायचे आहे’ असे ठामपणे सांगितले की बहुतेक जण ते पाळतात. तिसरी बाब लगामाची. क्वचित एखाद्या घोड्याच्या तोंडात काटेरी किंवा गाठी असलेली कडी दिसते. वर उल्लेखिलेल्या १९६५ च्या नियमांनुसार अशा कडीला बंदी आहे. ओठांच्या कोपऱ्यात चिरा किंवा रक्त दिसले तर तो घोडा घेऊ नये आणि का घेत नाही ते शांतपणे सांगावे. गिऱ्हाईक गेल्याचे कारण कळले, तर कडी बदलते. नुसतेच पुढे निघून गेलो, तर काही बदलत नाही.

चौथी अडचण अश्वपालांच्या हातातली नाही. मुख्य रस्त्यावर धूळ आणि मातीची धूप थांबावी म्हणून पेव्हर ब्लॉक बसवण्यात आले आणि त्यावरून बराच वाद झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. पायी चालणाऱ्यांच्या आणि ई-रिक्षांच्या दृष्टीने ते ब्लॉक सोयीचे आहेत हे मान्य करावे लागेल. पण लोखंडी नालेचा पाय अशा गुळगुळीत पृष्ठभागावर, विशेषतः ओला असताना आणि उतार असताना, सरकतो. सैल मातीवर निर्धास्त चालणारा घोडा त्या ब्लॉकवर येताच पावले आखडून घेतो, हे पाठीवर बसलेल्याला तत्काळ जाणवते. अशा ठिकाणी रस्त्याकडेची मातीची पट्टी धरायला अश्वपालाला सांगावे. रस्त्याची योजना करताना घोड्यांसाठी मातीचा स्वतंत्र पट्टा कायम राखणे अवघड नव्हते, असे मला अगदी मनापासून वाटते.

२०२२ च्या डिसेंबरात प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षा सुरू झाल्या आणि माणसाने माणसाला ओढण्याची हातरिक्षा बंद करण्याचे आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दिले. हातरिक्षा जावी याविषयी माझ्या मनात शंका नाही. शाळकरी मुले, आजारी आणि वृद्ध माणसे यांना ई-रिक्षा हवीच होती. घोड्यांच्या बाबतीत त्याचा परिणाम असा होणार की, सामान घेऊन दस्तुरीहून बाजारापर्यंत जाण्याची फेरी हळूहळू त्यांच्याकडून जाईल आणि उरेल ती हौसेची रपेट. त्या रपेटीचा दर्जा वाढला तरच अश्वपालांचे उत्पन्न टिकेल. दराची घासाघीस करणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की घोड्याला सुटीच्या दिवशीच भूक लागते असे नाही : रोजचा चारा, चंदी, नालबंदाची मजुरी, धनुर्वाताची लस, आणि डोंगरावर जनावरांचा डॉक्टर वेळेवर मिळवण्याची धडपड, हे सगळे पावसाळ्याच्या रिकाम्या महिन्यांतही चालूच राहते. दर पॉइंटनुसार आणि वेळेनुसार बदलतात; फलकावर लिहिलेला दर आधी वाचावा, परतीची फेरी आणि थांबण्याचा वेळ त्यात धरला आहे का ते विचारून घ्यावे, आणि एकदा ठरले की शेवटी वाद घालू नये. मी स्वतः ठरलेला दर देते आणि घोडा उत्तम ठेवलेला असेल तर वर थोडे अधिक देते, तेही कशासाठी देते आहे ते सांगून.

पर्यटकांच्या वागण्याविषयी एक गोष्ट येथेच लिहिते, कारण तिचा त्रास घोड्यांना फार होतो. पॉइंटवर पोहोचल्यावर हातातली भजी, बिस्किटे, मक्याचे कणीस, चिप्स घोड्यापुढे धरणे हे प्रेमाचे लक्षण समजले जाते. घोड्याला उलटी करता येत नाही. त्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते आणि ते दिवसभर थोडे थोडे गवत पचवण्यासाठी घडलेले असते. चुकीचे अन्न गेले की पोटशूळ उठतो, आणि पोटशुळाने तडफडणारा घोडा मी आमच्या अंगणात पाहिलेला आहे. आजोबा रात्रभर त्याला लोळू न देता चालवत होते. काही द्यायचेच असेल तर अश्वपालाला विचारून गाजर द्यावे, तेही उभे चिरून, सपाट तळहातावर ठेवून. गोल चकती घशात अडकू शकते.

भर दुपारची फेरी मी कधीच घेत नाही. ओझेवाहू जनावरांविषयीच्या १९६५ च्या त्याच नियमांत दुपारी बारा ते तीन या वेळात तापमान ३७ अंशांच्या वर असेल तर जनावराला ओझ्यासाठी वापरू नये असे म्हटले आहे, दिवसात नऊ तासांहून अधिक आणि विश्रांतीशिवाय सलग पाच तासांहून अधिक काम घेऊ नये असेही आहे. माथेरानचा पारा सहसा इतका चढत नाही, पण एप्रिल-मे महिन्यांत झाडी सोडून उघड्या कड्यावर आले की ऊन चांगलेच भाजते. अशा वेळी ‘याला शेवटचे पाणी कधी पाजले?’ एवढाच प्रश्न विचारावा. चांगला अश्वपाल जागा आणि वेळ दोन्ही सांगतो.

लहान मुलांना प्रथमच घोड्यावर बसवायचे असेल तर माथेरान हे मला महाराष्ट्रातील उत्तम ठिकाण वाटते. हांगझाऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत २०२३ मध्ये भारताच्या ड्रेसाज (घोड्याकडून ठरावीक चाली अचूक करून घेण्याचा प्रकार) संघाने सुवर्णपदक मिळवले, घोडेस्वारीतले ४१ वर्षांनंतरचे पहिले सुवर्ण, आणि त्या संघात मुंबईचा हृदय छेडा होता. तेव्हापासून ओळखीतले अनेक पालक मुलांना कोठे शिकवायचे ते विचारतात. नियमित शिक्षणासाठी शहरातले केंद्र हवे, तेथे मैदान असते, शिक्षक असतो, ठरलेला अभ्यासक्रम असतो. पण मुलाला घोडा आवडतो की घोड्यावर बसलेला स्वतःचा फोटो आवडतो, हे ओळखायला डोंगरावरची एक संथ फेरी पुरेशी आहे. मुलाला आधी घोड्याच्या खांद्यापाशी उभे करावे, मानेवर हात फिरवू द्यावा, घोड्याचे नाव विचारू द्यावे. एका खोगिरावर मूल आणि मोठे माणूस असे दोघांनी बसू नये. पायात किंचित टाच असलेले बंद बूट असावेत. चप्पल गळून पडते आणि रुंद तळव्याचे गिर्यारोहणाचे बूट रिकिबीत अडकतात. अश्वपालाने लगाम हातात धरून बाजूने चालावे, हे आधीच ठरवून घ्यावे. उतरल्यावर मुलाने घोड्याला थोपटूनच बाजूला व्हावे, असा आमच्या घरचा रिवाज आहे आणि तेथील अश्वपालांना तो फार आवडतो.

सोमवार ते गुरुवार यांपैकी एखादा दिवस, नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा काळ आणि सकाळी उन्हे तापण्याआधीची वेळ साधली तर घोडे ताजेतवाने असतात, वाटा मोकळ्या असतात आणि अश्वपालांनाही बोलायला सवड असते. पावसाळ्यात मी ही सेवा घेत नाही आणि इतरांनाही सुचवत नाही. जांभ्या दगडावर शेवाळ धरते आणि दाट धुक्यात समोरून येणारा घोडा अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. आवडलेल्या घोड्याच्या मालकाचा दूरध्वनी क्रमांक घेऊन ठेवावा आणि पुढच्या खेपेला आदल्या दिवशी कळवावे. मग दस्तुरीवरची ओढाताण टळते, आपल्या वजनाला योग्य घोडा राखून ठेवला जातो आणि तो सकाळची चंदी खाऊन, खरारा होऊन, तयार उभा मिळतो.